एक इंच जास्त

मामंजी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण त्या एका बंदुकीवरून माझं तुमच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं वाचन माझं मीच केलं. पुस्तकांत लिहिलेलं असतं की काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही. तुम्ही बंदुका ठेवायचात तसा मी तो पुसून, तेल लावून ठेवते.

गुडगावकडच्या जमिनी विकल्या जात होत्या ते दिवस. ज्यांच्या शेतांवर कॉलन्या उठत होत्या ते लोक नव्या जीपमधून आपल्या दिल्लीच्या दुकानात यायचे, वडिलांच्या जुन्या बंदुका घरच्या लग्नासाठी चकाचक करून घ्यायला. तशाच एका जीपने तुमच्या मुलाची, माझ्या नवऱ्याची, स्कूटर उडवली; तो जागीच गेला. जीपवाला कोर्टात म्हणाला, गाडी नोकर चालवत होता, आणि सुटला. वर्षभराने तोच आपल्या काउंटरवर उभा. मी पडद्यामागच्या खोलीत लाकूड घासायला बसलेली, आवाजावरूनच ओळखलं. तुम्हीही ओळखलंत. त्याने तुम्हाला ओळखलं नाही, कारण कोर्टात त्याने आपल्याकडे एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.

"मिस्त्रीजी, झटका बहुत मारती है. कंधा नीला पड जाता है."

"रबर का पॅड लगा देंगे, साहब."

आत येऊन तुम्ही बंदूक माझ्यापुढे ठेवलीत. मी म्हटलं, "ह्याचं काम घेतलंत?"

"कामाशी भांडू नकोस, सूनबाई. पॅड एक इंचाचं आहे, म्हणून लाकूड एक इंच काप. खूण केली आहे."

म्हणजे दस्ता, खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, होता तेवढाच लांब राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं. आधी चिकटपट्टी गुंडाळायची म्हणजे पॉलिश खरचटत नाही, मग करवत, मग पॅड स्क्रूने बसवून लाकडाच्या बरोबरीने घासायचं, सांध्यावरून अंगठा फिरवला तर अडकता कामा नये. मी तुमच्या खुणेच्या आत आणखी एक इंचावर दुसरी खूण केली आणि तिच्यावर कापलं. जुनं अक्रोडाचं लाकूड, तेल प्यायलेलं. तुम्ही सांध्यावरून अंगठा फिरवून मान डोलावलीत. मोजलं नाहीत. माझं काम तुम्ही कधीच मोजत नव्हतात.

तो न्यायला येतो, बंदूक खांद्याला लावतो, आणि त्याच्याच मुठीचा अंगठा त्याच्या नाकावर येतो.

"अबे बुड्ढे, यह तो बच्चों का खिलौना बना दिया! बाप की निशानी थी मेरी!"

आणि तुम्ही हात जोडता. "गलती मेरी है, साहब. नजर कमजोर हो गई है."

ज्याने तुमचा मुलगा मारला त्याच्यापुढे! तो बोलत राहिला, तुम्ही ऐकत राहिलात. मग तीन दिवस स्वतः बसलात, शिसवीचा इंचभर तुकडा मध्ये घातलात, वर पॅड. बंदूक आधीपेक्षा देखणी झाली. तो खूश होऊन गेला. त्या दिवशी स्वयंपाकघरात ताट पुढे ओढत तुम्ही एवढंच म्हणालात, "लाकडाने काय केलं होतं तुझं?"

मी भात वाढला. उत्तर आज देते. लाकडाने काही केलं नव्हतं. त्या माणसाचं माझ्या हाती लागलेलं तेवढंच होतं. त्याचंही काहीतरी असं जावं की परत येणार नाही, एवढंच मला हवं होतं. आणि तुम्ही ते त्याला परत आणून दिलंत, पॉलिश करून.

लेकीला मी सांगत आले की मी तेव्हाच बाहेर येऊन त्याच्या तोंडावर म्हणणार होते, कापलं मी, आणि का कापलं ते ऐक. पण आजोबांनी हात करून थांबवलं. तिला ते खरं वाटतं. त्यापायी ती तुमच्यावर थोडी रागावलेलीही आहे. म्हणून हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला पाठवायचं तरी. तुम्ही मला थांबवलं नव्हतं. हात जोडण्याआधी तुम्ही वळून पडद्याकडे बघितलंत आणि वाट पाहिलीत, चांगले दोन श्वास. मी आले नाही.