पेणच्या परातीवरची नावे

रोहा, ता. १४ जुलै १९६३

ति. रिबकाताईस,

सॅम्सनचा शालोम. तुझे गुडघे आणि दाजींचा दमा तिकडच्या कोरड्या हवेत बरे असतील अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक, असे लिहायचा रिवाज आहे. पण मी लिहिणार नाही. तुझे पत्र आल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. लिया म्हणाली, रागाच्या भरात उत्तर लिहू नका. म्हणून आठवडाभर थांबलो. राग वाढला.

तुझ्या लेकीचे, आपल्या फ्लोराचे लग्न ठरले, मुलगा कामाचा, मुलाकडची माणसे चांगली, आणि तिथली, इस्रायलची, लग्नाची कचेरी विचारते की मुलीची आई, आजी, पणजी यहुदी होत्या याला पुरावा काय? पुरावा? आपले लोक फुटक्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हापासून (असे आपण मानतो, मी तेव्हा नव्हतो) शनिवारी कधी तेलाच्या घाण्याला बैल जुंपला नाही. पोथ्या समुद्रात गेल्या तरी शेमाची प्रार्थना तोंडपाठ ठेवली. मी एकतीस वर्षे मास्तरकी केली, शेकडो मुलांची नावे दाखल करून घेतली, पण एकालाही पणजीचा दाखला मागितला नाही. असल्या देशात मी पाऊल ठेवणार नाही, हे त्या कचेरीतल्या साहेबाला माझ्या नावानिशी कळव.

तरीही तू लिहिलेस, की नवसाच्या मलिद्याचे पोहे आपण ज्या तांब्याच्या परातीत कालवायचो तिच्या काठावर पूर्वजांची नावे कोरलेली आहेत, ती पेणच्या तुझ्या जुन्या शेजारीण विमलबाईंकडून घेऊन पाठव. म्हणून गुरुवारी एस.टी.ने निघालो. गाडी खांब गावाजवळ बंद पडली. ड्रायव्हर खाली घुसला, आम्ही झाडाखाली, पाऊस दोघांवरही. शेजारी भाताची रोपे घेऊन बसलेल्या एका बाबाने विचारले, पाव्हणं कोण तुम्ही? मी (रागात होतोच) इस्रायलपासून सुरुवात करून सगळा इतिहास सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे शनवारतेली ना? मंग तसं सांगा की.” ताई, खांबच्या शेतकऱ्याला जे एका शब्दात कळते, त्यासाठी त्या कचेरीला तीन पिढ्यांचे कागद लागतात.

पेणला पोचलो तो पार भिजून. तुझ्या शेजारणीकडे गेलो तर घरात पाय ठेवायला जागा नाही. विमलबाईंचा मुलगा गुणाजी गणपतीच्या कारखान्यातले काम हल्ली घरी आणतो, त्यामुळे पडवीत चाळीस गणपती वाळत बसलेले. आणि मधोमध आपली परात. तीत शाडूची माती मळलेली! आजोबांची परात, जिच्यात एलियाहू हन्नाबी पैगंबराच्या नवसाचा मलिदा व्हायचा! मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. विमलबाईंनी ते सगळे ऐकले, चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या की ताईनेच जाताना सांगितलं होतं, वापरात ठेव, नाहीतर काळी पडेल. (हे तू मला कळवले नव्हतेस.)

मग मी स्वतः विहिरीवर बसून परात घासली. चिंच संपली, माझी नखे संपली, तेव्हा काठावरची अक्षरे दिसायला लागली. दाऊदजी. इसाजी. एलोजी. हारोनजी. पूर्ण फिरवून पाहिली, दोनदा. ताई, सगळे पुरुष! आईची, आजीची, पणजीची साक्ष हवी आणि त्या परातीवर एक बाई नाही. मी तिथेच ओल्या दगडावर बसून राहिलो. फ्लोराच्या लग्नाचे आता काय, एवढेच डोक्यात होते. खरे सांगतो, मला रडू आले.

विमलबाईंनी काय झाले ते विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, “बायांची नावं परातीला इचारून कशी कळतील, भाऊ? मला इचारा.” तुला आठवत असेल, आपण दोघे जन्मलो ते त्यांच्या सासूच्या, सगुणाबाईंच्या हातावर. तुझ्या जन्माच्या वेळी आपली आजी, आईची आई, रोह्याहून येऊन तीन महिने राहिली होती, आणि दोघी म्हाताऱ्या रोज तिन्हीसांजा बोलत बसायच्या. ते सगळे बोलणे सुनेच्या कानावरून गेलेले. विमलबाई मातीचे हात तसेच ठेवून सांगत गेल्या: रिबका, तिची आई हन्नाबाई, तिची आई राहेलबाई, तिची आई सिपोराबाई, माहेर अष्टमीचं, शुक्रवारी दिवा लावून झाल्यावर चुलीला हात न लावणाऱ्या. मला, पणतवाला, सिपोरा हे नाव ठाऊक नव्हते. मी लिहून घेतले. वाचून दाखवल्यावर त्यांनी खाली अंगठा उठवला आणि म्हणाल्या, “त्या सायबाला सांगा, खोटं वाटत आसंल तर मी येते साक्षीला.”

तो कागद सोबत आहे. साहेबाने तो मानला नाही तर मला कळव. मी त्याला आणखी एक पत्र लिहीन, आणि तेव्हा लियाचे ऐकणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
सॅम्सन

ता. क. १. कागदावर डाग आहेत ते शाडूचे. अंगठाही शाडूतच उठला आहे, पण वकिलाला दाखवला. तो म्हणाला, चालेल.

ता. क. २. परात मिळाली नाही. पोस्टाने पाठवायला विमलबाई तयार नाहीत. घरच्या माणसाने न्यावी आणि फ्लोराच्या लग्नाचा मलिदा तीतच करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. लियालाही ते पटले.

ता. क. ३. तेव्हा तिकडे यायचे फॉर्म दोन पाठव, लिया आणि मी. पहिल्या पानावरचे पाऊल न ठेवण्याचे वाक्य साहेबाला अजून सांगितले नसेल तर सांगू नकोस. आणि विमलबाईंचा कागद काम झाल्यावर जपून ठेव. माझ्याकडेही आईचा दुसरा पुरावा नाही.