दादा, तुझं नाव मीच छापलं होतं

प्रिय दादा,

काल तुझी तेरवी झाली. पाहुणे गेल्यावर वहिनी उन्हात भांडी पालथी घालता घालता म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पेपरात यायच्या जाण्याच्या दोन ओळी देऊन द्या. लोकांले कळलं पाहिजे." हो म्हणालो. प्रतापनगरला घरी येऊन कागद पुढे ओढला, तुझं नाव लिहिलं आणि हात थांबला. तुझं नाव मी याआधी एकदा पेपरात दिलं होतं ना! त्याबद्दल नऊ वर्षांत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. आता बोलतो. फार उशीर केला, माहीत आहे.

गावाहून मला नागपूरला तूच आणलंस. शाळेतली शिपायाची नोकरी, दोघांत एक खोली. मी मदतीला उठलो की ओरडायचास, "तू वाच गा, भाकरी मी टाकतो." मी पेपरात लागलो, पोलीस ठाण्यांच्या बातम्या लिहू लागलो, तेव्हा शाळेतल्या मास्तरांना पेपर उघडून दाखवत होतास. "हे माह्या भावानं लिहिलं!" चोरी, मारामारी, काहीही असो. तुला फक्त कौतुक!

मग शाळेच्या प्रयोगशाळेतून पाच मायक्रोस्कोप गेले. किल्ल्या तुझ्याकडे असायच्या, म्हणून पोलिसांनी तुला नेलं.

संपादक भला माणूस. म्हणाले, "मधुकर, ही बातमी दुसरा कोणी लिहील."

मीच म्हणालो, "नाही साहेब. रोज दुसऱ्यांच्या भावांची नावं लिहितो. आज माझ्या भावाचं लिहीन."

किती मोठा वाटलो होतो मी स्वतःला! सगळं कार्यालय माझ्याकडे आदरानं पाहत होतं. नाव, वय, शाळा, सगळं दिलं. तू चोरी केली नाहीस हे मला ठाऊक होतं रे. पण पोलिसांनी संशयित म्हटलं, मी संशयित लिहिलं. त्यात खोटं काय, अशी मनाची समजूत घातली.

चौथ्या दिवशी तू सुटलास. पुढच्या आठवड्यात खरा चोर सापडला. मागची खिडकी उचकटून आत शिरला होता. तुला कधी पाहिलंही नव्हतं त्यानं. मी बातमी लिहिली, त्यात तुझी सुटका लिहिली. जागा कमी पडली आणि शेवटची ओळ कापली गेली. तीच तुझी ओळ होती. मी भांडलो का? नाही. पुन्हा तुझं नाव नको, लोक विसरतील, असं म्हणून गप्प बसलो.

लोक विसरले नाहीत. शाळेनं तुला परत घेतलं, पण किल्ल्या दुसऱ्याला दिल्या. एकोणीस वर्षं शाळा तू उघडायचास. आता दुसरा कुलूप काढेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहायचास. तुझ्या लेकीला, सुमनला, वर्गातल्या मुलींनी काय काय ऐकवलं, ते तिनं तुला सांगितलं नाही. मला सांगितलं.

तू रागावला असतास, दोन कानाखाली दिल्या असत्यास, तर मी रडून मोकळा झालो असतो. काहून रागावला नाहीस, दादा? सुटून आल्यावर मी भेटायला आलो, तेव्हा पायांचे तळवे सुजलेले, खाटेवर बसला होतास. म्हणालास, "वय बरोबर लिहिलं तू. बेचाळीस. मलेच आठवत नव्हतं." आणि वहिनीला म्हणालास, "याले चहा दे वं." मी तो चहा प्यायलो! माफी मागायला आलो होतो आणि बशीत ओतून चहा पिऊन निघून गेलो.

काल वहिनीनं आणखी एक सांगितलं. ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

"त्या चार दिवसांत तुम्ही रोज ठाण्यात येत होते म्हणे, भाऊजी. बातम्या घ्याले. कोठडीत यायले तुमचा आवाज आयकू येत होता. हे सांगत, मधू बोलून राहिला की बरं वाटे. आता आत येईल, असं वाटे."

वीस पावलं असतील मधे. हवालदाराच्या टेबलाशी उभा राहून मी इतरांच्या चोऱ्या लिहून घेत होतो. आत आलो नाही. कोण पाहील, काय म्हणेल, याचीच लाज. तू हाक तरी मारायचीस रे! की माझ्या नोकरीला बट्टा लागेल म्हणून मारली नाहीस?

आज कामावर गेलो. ठाण्यात बाकावर एक बाई बसली होती. वसतिगृहात स्वयंपाक करते, कोणा मुलीची साखळी हरवली म्हणून आणलेली. हवालदार म्हणाला, "लिहा, नाव सांगतो." मी पेन खिशात ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "घरी कळवलं काय कोणाले?" ती घाबरून दूर सरकली. मग पदरानं तोंड पुसत तिनं बहिणीचा पत्ता सांगितला. मी जाऊन बहिणीला घेऊन आलो.

संपादकांना सांगितलं, नाव देणार नाही.

दादा, वचन देतो. कोर्टाचा निकाल लागल्याशिवाय कोणाचं नाव माझ्या हातून छापलं जाणार नाही. या नोकरीत ते जमणार नसेल, तर नोकरी सोडीन. आणि ती बाई तिथे असेल तितके दिवस मी रोज आत जाईन, तिच्याजवळ बसेन.

तुझा,
मधू