पालामिदीची पहिली पायरी

नाफ्प्लिओ, मे महिना

प्रिय आई,

तुझे दोन्ही हात हातात घेते आणि मग सांगते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

हिवाळ्यातलं गुडघ्याचं ऑपरेशन मी 'किरकोळ' म्हणून सांगितलं होतं. खरं तर मला अजून जिना चढवत नाही. आणि गाईड म्हणून यंदाचं माझं पहिलंच गिऱ्हाईक, एक म्हातारं डच जोडपं, त्यांनी काय पाहायचं ते स्वतःच ठरवून कळवलं होतं: पालामिदी किल्ला, पायऱ्यांनी. नऊशे नव्व्याण्णव पायऱ्या, आई.

सकाळी पहिल्याच पायरीवर उभी राहून मी किल्ला बांधणाऱ्या व्हेनिसवाल्यांच्या नि तो जिंकणाऱ्या तुर्कांच्या गोष्टी सांगत सुटले. अर्धा तास झाला, तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "बाई, उरलेल्या गोष्टीही इथेच सांगा. वर चढणं मला झेपायचं नाही."

आजी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मग पायऱ्या लिहिल्यात कशाला?"

"तुझी हौस म्हणून."

"माझी? कालपासून माझी कंबर धरलीय. तुमचा हिरमोड नको म्हणून गप्प बसले."

मग मीही माझा गुडघा दाखवला. तिघंही तिथेच बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि मागच्या रस्त्याने टॅक्सीतून वर गेलो. टॅक्सीवाला अर्गिरिस आता रोज न्यायला तयार आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

अंगणातली लिंबं फुलली का? डोळे बरे आहेत, असं तू दर रविवारी सांगतेस. मग खरं सांग, हे पत्र तू स्वतः वाचते आहेस, की मावशी वाचून दाखवते आहे?

तुझी लंगडी पण सुखरूप,
सेवास्ती