ऐकू आलं त्यांनी हात वर करा

बाबा, परवाच्या रविवारी तुमच्या फेरीला जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून तुमचे विद्यार्थी दर वर्षी तुमच्या आठवणीत पक्षी बघायला जातात आणि दर वर्षी मला बोलावतात. आजवर मी टाळत आले, यंदा गेले. नदीकाठचं ते अभयारण्य तुम्हाला आता ओळखू येणार नाही. पाण्यावर जलपर्णी दाटली आहे, वारा फिरला की नाक दाबावं लागतं, पलीकडच्या काठावर इमारती आल्या आहेत. तरी बगळे होते, शेकाटे होते, बदकांची एक जोडी होती. हडपसरहून आयटीतली मुलंमुली हातभर लांब कॅमेरे घेऊन आली होती. त्यांनी तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, पण सर असं म्हणायचे, सर तसं म्हणायचे, हे त्यांना पाठ आहे. फेरी नेणारे गृहस्थ तुमचे जुने विद्यार्थी, आता त्यांचेही केस पिकलेत. एका बाभळीखाली त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "आता सरांचा खेळ. डोळे मिटा. शिंजीर ऐकू आला की हात वर करायचा, बोलायचं नाही." शिंजीर म्हणजे तो चकाकत्या जांभळ्या रंगाचा, अंगठ्याएवढा पक्षी, आवाज सुईसारखा बारीक. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

तोच खेळ, पण तुम्ही खेळवताय आणि मी अकरा-बारा वर्षांची आहे. आज आईही फेरीला आली आहे, पहिल्यांदाच. तिने ठेवणीतली आकाशी साडी नेसली आहे आणि पहाटे उठून सगळ्यांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या आहेत. तुम्ही किती मऊ आवाजात बोलताय. हा आवाज आपल्या शनिवार पेठेतल्या घरात मी कधी ऐकलेला नाही. सगळे डोळे मिटून उभे आहेत. एकेक हात वर जातो, आईचा जात नाही. ती हळूच एक डोळा उघडते, आजूबाजूचे वर गेलेले हात बघते आणि घाईघाईने आपलाही वर करते. तोवर शिंजीर उडून गेला आहे आणि बाकीच्यांचे हात खाली आले आहेत. "आता कोणता पक्षी बोलला?" तुम्ही तिला विचारलंत. आई गोंधळून तुमच्या ओठांकडे बघत राहिली. "अहो, मला वाटलं..." "वाटून काय उपयोग? लक्ष लागतं. कुकरच्या शिट्ट्या मात्र आमच्याकडे अचूक ऐकू येतात!" सगळे हसले. आईही हसली. मग तिने डबा उघडला आणि सगळ्यांना पुऱ्या वाढल्या, पहिली तुम्हाला. त्यानंतर ती फेरीला कधी आली नाही. का येत नाहीस, असं तुम्ही विचारलंही नाहीत.

कुकरच्या शिट्ट्याही तिला ऐकू येत नव्हत्या, बाबा. त्या मी मोजायचे. मी शाळेत असले की ती वाफेवर नजर ठेवून गॅससमोर उभी असायची. तुम्ही बोलायचात पेपर तोंडासमोर धरून. ओठ दिसले नाहीत की तिला काही कळायचं नाही, म्हणून ती "काय म्हणालात?" असं विचारायची, आणि तुम्ही पेपर न हलवता म्हणायचात, "या घरात मराठीच बोलतात ना?" नववीत असताना मी धीर करून तुम्हाला सांगितलं की आईला कमी ऐकू येतंय, डॉक्टरांना दाखवू या. तुम्ही दुर्बिणीची काच पुसत होतात. "तिला हवं ते बरोबर ऐकू येतं," एवढंच म्हणालात आणि काच स्वच्छ झाली का ते उजेडाकडे धरून बघितलंत. आईला हे समजलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "कशाला सांगितलंस? आता त्याचाही विनोद होईल."

तुम्ही गेल्यावर मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाली आणि ते तिच्याकडे तोंड करून जरा रागानेच म्हणाले, "आजी, इतकी वर्षं काय करत होतात?" आई म्हणाली, "संसार." यंत्र बसवलं, पण फार उशीर झाला होता. आवाज येतात, शब्द लागत नाहीत. बहुतेक वेळ ते यंत्र डबीतच असतं.

परवा फेरी संपल्यावर फाटकाजवळ चहा-पोहे झाले आणि एकेक जण तुमच्याबद्दल बोलायला लागला. एक बाई म्हणाल्या, सरांनी आम्हाला ऐकायला शिकवलं. एक गृहस्थ म्हणाले, असा संयम मी कुणात पाहिला नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तरी सर न चिडता सांगायचे. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "सरांच्या कन्या आल्यात, त्यांनीही दोन शब्द बोलावेत." मी उभी राहिले. म्हटलं, "माझे वडील न दिसणारा पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखायचे. आपल्या बायकोला ऐकू येत नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

एकदोघांनी चहाचे कप खाली ठेवले. मला वाटलं, पोचलं. मग ते फेरी नेणारे गृहस्थ मान हलवत हसले. "वा! सर असेच. पक्ष्यांपुढे कशाचं भानच नसायचं." त्यावर सगळेच हसले, अगदी प्रेमाने, आणि टाळ्या वाजल्या. एका मुलीने मला विचारलं, "मॅम, हा किस्सा आम्ही ग्रुपवर टाकला तर चालेल ना?" चप्पल झटकून रिक्षा शोधायला निघाले. तुमच्याबद्दल एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली, आणि लोकांनी त्याचाही हार करून तुमच्याच गळ्यात घातला.

घरी आले तर आई यंत्र लावून बसली होती. मी तिच्यासमोर बसले. "काय म्हणाले सगळे त्यांच्याबद्दल?" तिने विचारलं. मी जे बोलले ते तिला सांगितलं नाही. शब्द तोडून तोडून म्हटलं, "चांगलंच म्हणाले. फार संयम होता म्हणे." आईने माझ्या ओठांकडे जरा वेळ बघितलं. "असेल," ती म्हणाली. मग यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि भाजी निवडायला घेतली.

हे पत्र कुठे जाणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आणखी एक गोष्ट लिहून टाकते. मी तिथे फक्त तुमची तक्रार करायला गेले नव्हते. मनात कुठेतरी वाटत होतं, एवढ्या लोकांत कुणीतरी तुमच्याबद्दल वाकडं बोलेल आणि मला उठून तुमची बाजू घ्यावी लागेल. काय बोलायचं, तेही मी रिक्षात ठरवून ठेवलं होतं.