एका बाहीचं स्वेटर

४ डिसेंबर
घरी येऊन आठवडा झाला. दिवाळीले आलो नव्हतो. वणीहून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो ते कुठं कुठं. याडी त्यावर काही बोलली नाही. आईलोक बोलत नाहीत, ताटात भाकर जास्त टाकतात. ते जास्त लागते.
याडीचं स्वेटर सुरू. पाठ झाली, पुढचं अर्धं. ती अंधारातच कपाशी वेचाले जाते, बोंडावर दव असते, घरी येते तं बोटं वळत नाहीत. थंडीच्या आत देतो म्हणलं होतं. मागच्या वर्षी.
बापू न दादा ऊसतोडीले गेलेले. तांड्यात मी एकटा रिकामा पोट्टा, अन् थो बी सुया घेऊन ओट्यावर. ज्योतीले फावलं. "याडी वं, तुले दुसरी पोरगी झाली, पाह्यलं का?"
बहीण आहे का कोण.
(यवतमाळले स्वेटरवाल्या बाईच्या दुकानावर गठ्ठे उचलायचो, तिनं शिकवलं. दहावी सुटली, टाका सुटत नाही.)

७ डिसेंबर
आमची कुत्री चिंगी व्याली. चार पिल्लं. कुठं व्याली? स्वेटरच्या पाठीवर. कबड्डी पाहाले गेलतो पाच मिनिटं, सगळं खाटेवर तसंच टाकून. आलो तं दिवस बुडाला होता.
आधी ओरडलो, मंग लाज वाटली. मागच्या थंडीत ही एवढीशी होती. दिग्रसच्या जिनिंगपाशी सापडली, शर्टात घालून मीच आणली. आणली अन् निघून गेलो. भाकर कोणं टाकली तिले? याडीनं.
"काढू नको तिच्याखालून," याडी म्हणे. "बाळंतीण आहे. मले ओढणी आहे न."

१५ डिसेंबर
पाठ धुतली. वास जात नाही. पुढचं पूर्ण. पहिली बाही अर्धी.
मधातच वहीत ट्रकचं चित्र काढत बसलो. फाट्यावर हॉर्न वाजला की मान वर होते.

२२ डिसेंबर
पहिली बाही जोडली. आज एवढंच चांगलं.
उस्ताद आलता. ज्याच्या ट्रकवर मी असतो थो. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भराले आला न फाट्यावर गाडी लावून घरी. चहा पाजला. याडी-ज्योती वावरात, चिंगी त्यांच्यामागं. पिल्लाईले पाहून म्हणे, "माझ्या पोराले एक पाहिजे बे."
"न्या न, उस्ताद."
जसं काही माझंच होतं. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं दिलं. डोळे आत्ताच उघडले होते. अजून अंगावर पीत होतं.
चिंगी आली. तीन पिल्लं हुंगली. परत हुंगली. मंग खाटेखाली, चुलीमागं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात.
याडीनं इचारलं. तोंडातून निघून गेलं, "कोल्ह्यानं नेलं असन."
काहून म्हणलो असं? कोणी मारणार नव्हतं मले.

२३ डिसेंबर
याडी वेचणीवरून येताना डोक्यावर बाभळीच्या काट्या घेऊन आली. पिल्लांभोवती कुंपण केलं. कोल्ह्यासाठी. मी फांद्या धरून दिल्या. तिच्या मनगटावर ओरखडे, रक्त.
"मले आधीच सुचाले पाहिजे होतं," म्हणे.
तिले!
सांगणारच होतो. तेवढ्यात शेजारचा बैल सुटला, त्याच्यामागं धावलो. बैल सापडला. सांगायचं राह्यलं.

२५ डिसेंबर
चिंगी फाट्यावर जाऊन बसते. डांबर हुंगते. पिल्लं पाजाले येते, परत जाते. टाकलेली भाकर तशीच.
दुसरी बाही विणली, एका बैठकीत. जिंदगीत एवढा वेळ एका जागी बसलो नाही. टाके इतके घट्ट आले की बाही एकटी उभी राहते.

२६ डिसेंबर
फोन आला. माझे हात लोकरीत, ज्योतीनं स्पीकर लावला. उस्तादचा आवाज, घरभर: "अबे, तुझं पिल्लू दूध पीत नाही राह्यलं. वाळून बोटाएवढं झालं. काय करू याचं?"
याडी चुलीपाशी होती. भाकर थापायचा आवाज थांबला.
ज्योती म्हणे, "कोल्ह्यापाशी फोन बी आहे वाटते." कोणीच हसलं नाही, ती पण नाही.
याडी काट्यांच्या कुंपणाकडं पाहून म्हणे, "चिंगी बरी. तिले रस्त्याचा वास तरी लागते. मले तं तुझा फोन बी लागत नाही."
म्हणलं, उद्या जातो, घेऊन येतो. वणीले गेलो की माझं काय होते, तिले माहीत आहे. मलेही.
दुसरी बाही शिवाले घेतली तं हातातून काढून घेतली. "शिवू नको. यात गुंडाळून आण त्याले. आल्यावर शिव."
घरात चिंध्या कमी होत्या का?

२७ डिसेंबर, वणी, स्टँड
पिल्लू जिवंत आहे. पण अंग गार, ओरडत बी नाही. उस्तादचं पोरगं वाटीत दूध ठेवत होतं बिचारं, त्याले काय माहीत. कापसाचा बोळा दुधात भिजवून तोंडात धरला. थुंकलं, थुंकलं, मंग चोखलं. बाहीत घातलं. घट्ट टाके कामी आले, वारं आत जात नाही.
उस्ताद म्हणे, "हैदराबादची खेप आहे, नवा क्लीनर पळाला. चल बे, दोन दिवसांचं काम. पिल्लू केबिनमध्ये राहीन, इंजनची गरमी."
उस्तादचे दोन दिवस मले माहीत आहेत. त्यातच दिवाळी गेली. तरी पाय शिवशिवले, खोटं कायले लिहू.
घरी फोन लावला. ज्योतीनं उचलला. "याडी तेच घालून गेली वावरात. एका बाहीचं. बाया हसल्या तं म्हणे, दुसरी येऊन राह्यली."
घराकडं जाणारी यवतमाळची गाडी लागली आहे, कंडक्टर चहा पिऊन राह्यला. रस्त्याच्या तिकडून उस्ताद हॉर्न देते. चिंगीचं पोरगं बाहीतून नाक काढून हुंगून राह्यलं, कोणीकडं चाललो ते.