चंद्रावरचं माझं नाक

९ तारीख, संध्याकाळी ७.१०
वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो (नाइलाज). चंद्रात चेहरा दिसला. कपाळ, जिवणी, नाक. माझंच नाक! शंका नको म्हणून पुन्हा पाहिलं. हुबेहूब. बायकोला बोलावलं. तिला म्हणे ससा दिसतो. सासूबाईंना सूत कातणारी म्हातारी. गाढवाला गुळाची चव काय!

१० तारीख
निदान झालं. दोघींना नंबर लागलाय. चष्म्याच्या दुकानदाराच्याच घरात दिव्याखाली अंधार. उद्या दोघींचे डोळे तपासणार. बायको म्हणाली, आधी स्वतःचे तपासा, परवा माझ्या बहिणीला सासूबाई म्हणालात. (उजेड कमी होता.) पैज लागली. तिला नंबर निघाला तर तिने चंद्रावरचा चेहरा मान्य करायचा. मला निघाला तर मी चष्मा लावायचा. बिचारी.

११ तारीख
दोघींचे डोळे ठणठणीत. असो. मग मी खुर्चीत बसलो आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मध्येच वीज गेली, दुकानात मिट्ट काळोख, तरी अडखळलो नाही. बायको पोट धरून हसत होती. हरलेली माणसं अशीच करतात.

१२ तारीख, दुपारी
काचा घासणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या कारागिराने तक्ता बदलला. बायकोची फूस. नव्या तक्त्यावर नुसते आकडे आहेत म्हणे. मी अक्षरं वाचली. वीस वर्षांची सवय, दुसरं काय! त्याने नंबर काढला, काचा बसवल्या, चष्मा माझ्या खिशात कोंबला. वर म्हणाला, दोन वर्षं तुम्ही तिरपे बसवलेले स्क्रू मीच गुपचूप सरळ करतोय. हे लागलं. गिऱ्हाइकांना रोज सांगतो, चष्म्याची लाज कसली? मला वाटते. खूप वाटते. त्याला बजावलं, घरी बोलू नकोस. उद्या चेहरा सिद्ध करून पैज संपवायची.

१३ तारीख, रात्री ८.४०
बायकोच्या आधी गच्ची गाठली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून चष्मा लावला. ससा. चांगला दोन कानांचा. नाकाचा पत्ता नाही. जिन्यात पावलं वाजली तसा चष्मा घाईघाईने खिशात.
बायको आली. बराच वेळ चंद्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, खरंच की हो, चेहराच आहे, अगदी तुमचाच. जिंकलो! पण हात खिशावरच दाबून धरला.
कान तेवढे जरा लांब आहेत, म्हणाली. आणि कपडे गोळा करून खाली उतरता उतरता म्हणाली, चष्मा खिशात ठेवू नका, बसलात की मोडेल.