हुर्राकाचा वास

वेरावळच्या पुढे, समुद्रात
१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुविधाताईस,

तुला आणि आईला प्रज्योतचा नमस्कार. पत्र बघून घाबरू नको. फोन का केला नाही म्हणशील. इथे रेंज नाही, आणि रेंज असली की तू "हॅलो"च्या आधी "सुई घेतलीस?" म्हणून विचारतेस. कागद काही विचारत नाही, म्हणून कागद बरा. बंदराला लागलो की पेटीत टाकीन.

"समुद्रात" वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. इथे वेरावळला बर्फाच्या कारखान्यात लागलो म्हणून सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. लाद्या फोडायच्या आणि बोटीत भरायच्या, दिवसभर तेच. पण तुला माझं ठाऊक आहे. मोरजीच्या शॅकवर टिकलो नाही, डिचोलीला खनिजाच्या ट्रकावर क्लीनर होतो तिथे टिकलो नाही. दिवाळीला गावी गेलेला एका बोटीचा खलाशी परत आलाच नाही. बोट चालवणारे तांडेल आपल्या वेंगुर्ल्याकडचे, दत्तारामकाका. मी मोरजीचा, होडीवाल्याचा पोर म्हटल्यावर म्हणाले, चल. मी पाय टाकला.

इकडे मजेत आहे. जेवण गुरुदास करतो, तो शिरोड्याचा. बांगड्याचं तिखलं अगदी आईच्या हातचं वाटतं. भात मी बघूनच घेतो, तू शिकवलंस तसा. पाव मिळत नाही, त्यामुळे अर्धा उंडा मला आणि अर्धा तुला हे भांडण पण नाही. तब्येत बरी आहे. सुया वेळेवर चालू आहेत. घरची कौलं परतून घेतलीस का? आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

इथपर्यंत आईला वाचून दाखव.

गुरुवार

ताई, इथून पुढचं वाचून दाखवू नको.

मला तहान लागली आहे. लागते म्हणजे भागतच नाही. गोड्या पाण्याची एकच टाकी आहे, सगळ्या खलाशांना पुरवायची. मी तांब्या घेऊन तिकडे गेलो की सगळे एकमेकांकडे बघतात. गुरुदास आधी थट्टा करायचा, "दर्याचा पाणी सपात, पण ह्येची तान सपाची नाय." आता थट्टा करत नाही, टाकीपाशी बसूनच भांडी घासतो. प्यायलेलं सगळं लगेच बाहेर जातं. बोटीच्या कडेला मी उभा राहिलो की मागून कोणीतरी हसतो.

साखर मोजायच्या मशीनवर आकडा येत नाही. नुसतं "हाय" येतं, मोजता येत नाही इतकी साखर. तुला आठवतं, पहिल्यांदा असं आलं तेव्हा आई म्हणाली होती, मशीन पण हाय खातं आहे बघ. मी डोस वाढवला, मग दुप्पट घेतला. भात सोडला. तरी हाय. पाण्यात सुई मारावी तसं आहे.

बोटीवर मी कोणाला सांगितलेलं नाही. सुईवर जगणारा खलाशी कुठला तांडेल घेईल? म्हणून इन्सुलिन गुरुदासच्या पाण्याच्या माठाशेजारी गारव्याला ठेवलं नाही, खाली मासळीच्या खणात ठेवलं, अगदी तळाला, चांगल्या सुरमया असतात तिथे. तिथे बर्फावर मीठ मारतात, म्हणजे तो दगड होतो. मला वाटलं याच्याहून चांगली जागा नाही. पप्पांची सगळी कमाई बर्फावर टिकली. बर्फात ठेवलेलं बिघडत नाही, हे मी शाळेत नाही शिकलो, होडीत शिकलो. तू आपली ती बाटली फ्रीजच्या दारात अंड्यांच्या खणात ठेवायचीस. मी म्हणायचो, वर बर्फाच्या कप्प्यात ठेव गे, जास्त टिकेल. तू डोळे वटारायचीस. का नको ते तू कधी बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही.

पहिल्या दिवसापासून बाटली थिजत होती. मी काखेत धरून पातळ करायचो आणि टोचून घ्यायचो.

आज सुरमया वर काढत होतो. तळातल्या एकीला बोट लावलं तर खळगा पडला तो तसाच राहिला. थिजून सुटलेली मासळी अशीच होते. दिसायला मासळी, आत काही नाही. गिऱ्हाईक ती परत टाकतं. मी तिथेच खाली बसलो. मग बाटली उजेडात धरून बघितली. आत कण फिरत होते, पेजेतल्या शितांसारखे.

मासळीचं मला ठाऊक होतं, ताई. लहानपणापासून ठाऊक होतं.

शुक्रवार असेल

अक्षर वाकडं येतं ते बोट हलते म्हणून नव्हे. थोडं लिहितो, थोडा पडतो.

काल उलट्या सुरू झाल्या. दर्या लागला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग श्वास असा व्हायला लागला की जणू पळत आलोय, आणि मी तर आडवा होतो. दत्तारामकाका वाकून तोंडाजवळ आले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"तोंडाक हुर्राकाचो वास येता तुझ्या. बाटली खंय लपवलंस?"

नोव्हेंबरात काजूची दारू कुठून येणार गे? काजूला मोहोरसुद्धा नाही अजून. मला हसू आलं, आणि तेच चुकलं. त्यांच्या बोटीवर दारू चालत नाही, त्यांचा भाऊ दारूच्या पायी बोटीवरून पडून गेला. पण वास होता. मला पण येत होता, बोंडं पिळून ठेवलेल्या पिंपासारखा. पहिल्या वेळी मला दवाखान्यात नेलं तेव्हा तू पण म्हणालीस, हा काजूच्या भट्टीवर जातो की काय. मग डॉक्टरनी सांगितलं, साखर फार चढली की तोंडाला असा वास येतो. तो वास आला म्हणजे किती उशीर झालेला असतो, ते पण त्यांनी सांगितलं होतं. तू तेव्हा बाहेर गेली होतीस.

त्यांनी माझी पिशवी उलटी केली. दारू नाही निघाली, सुया निघाल्या. मोरजीचा पोरगा, आणि पिशवीत सुया. लोक नशेबाजच समजतात, ते तुला मी सांगायला नको. काकांनी सगळं उचललं आणि दर्यात टाकलं, मशीनसकट. मी ओरडलो नाही. ओरडायला श्वास लागतो.

गुरुदासने माझा शर्ट वर केला. पोटावरचे डाग बघून म्हणाला, "काका, ह्यो पोटार घेता. माझी आत्ये पण पोटार घेय." मग मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं.

काकांनी पिशवी टाकली त्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, "आधी सांगलं असतंस तर तुका बोटीर घेतलंच नसतंय."

मी म्हटलं, "म्हणानच सांगूक नाय."

वायरलेसवर त्यांनी सगळ्या बोटींना विचारलं, साखरेची सुई कोणाकडे आहे काय. कोणी हसला. एका बोटीवरून सांगितलं, आमच्या तांडेलाकडे साखरेच्या गोळ्या आहेत, चालतील? काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मला गोळी चालत नाही, हे गावात सांगून सांगून तुझं तोंड दुखलं, आता दर्यात पण तेच. काका तरी माझ्याकडे बघतच राहिले, जणू मी आणखी काही सांगेन.

मग जाळं ओढून बोट फिरवली. खण अर्धापण भरला नव्हता. सगळ्यांची फेरी फुकट गेली, पण कोणी बोललं नाही. कोणी बोलला असता तर बरं वाटलं असतं. आता तांब्या मागायच्या आधी पाणी आणून देतात. गुरुदास चमच्याने भरवतो. पोटात ठरत नाही. बोटीच्या शेठला कळवलंय, तो धक्क्यावर गाडी उभी करणार आहे. काका स्वतः सुकाणूच्या चाकावर बसलेत, उठतच नाहीत. पण इंजिन धावतं तेवढंच धावतं. मी वळून बघतो तर चारी बाजूंना सारखंच पाणी.

आई, पप्पा, तू, सगळी डोळ्यांसमोर येतात-जातात. मधेच वाटतं मी आपल्या व्हरांड्यात झोपलोय आणि पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतोय.

आता हे नीट वाच. पत्राच्या घडीवर, बाहेरून, तुझ्या नावाच्याही वर, मी हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. "इसने दारू नहीं पी है. इसको इन्सुलिन लगता है." खाली तुझा नंबर. ते बघून दचकू नको. बंदरावर पोचेपर्यंत मला बोलता येईल की नाही ठाऊक नाही. दारुडा म्हणून कोणी मला बाजूला निजवून ठेवू नये, एवढ्यासाठी. पत्र प्लास्टिकात गुंडाळून शर्टाच्या खिशात घालतो. पेटीत टाकणार नाही. म्हणजे तुझ्या हातात आलं तर ते माझ्या खिशातून काढूनच आलेलं असेल.

मी स्वतः काढून दिलं तर वाचू नको. तसंच परत दे, फाडून टाकीन.

दत्तारामकाकांना काही बोलू नको. औषधात कण तर आधीच झाले होते.

फ्रीजच्या दारातली माझी जागा मोकळी ठेव. आई तिथे लिंबं ठेवील, ठेवू देऊ नको.

वाट बघायला लावणारा,
तुझा प्रज्या